अपसव्य माधव

खोक्याची पुढची फळी निघाली आणि भुश्यातून आधी खांदा दिसला. डावा खांदा. त्यावरून छातीवर तिरकं उतरलेलं जानवं, दगडातच कोरलेलं, इतकं बारीक की पदर मोजून घ्यावेत. तिला हे माहीत होतं. तेहतीस वर्षं माहीत होतं. तरी तिच्या हातातलं पॅड खाली पडलं आणि संग्रहालयाच्या त्या उंच, बिनखिडकीच्या मागच्या खोलीत त्याचा नको इतका मोठा आवाज झाला. पहार घेऊन उभा असलेला सुतार म्हणाला, "लागलं का मॅडम?" ती म्हणाली, "नाही." पॅड उचलायला वाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला हसू येतंय, आणि ते हसू काही बरं नाही. सुताराला दिसू नये म्हणून ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. मग सरळ उभी राहत म्हणाली, "हळू काढा बाकीचं. हात चार आहेत, एकही कमी करू नका." सुतार हसला. तिच्या तोंडून विनोद निघाला की तिथली माणसं जरा दचकूनच हसत.

भुसा खाली आला तसे हात एकेक करून बाहेर आले. वाचायची गरज नव्हती, पण तिनं सवयीनं वाचले. विष्णूच्या चोवीस मूर्ती असतात आणि चोवीसही सारख्याच. तोच मुकुट, तीच गुडघ्यापर्यंतची माळ, तेच अर्धे मिटलेले डोळे, चार हातांत त्याच चार वस्तू. फरक एवढाच की कोणत्या हातात काय. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करायची, मग वरचा उजवा, वरचा डावा, आणि उतरून खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की केशव. गदा, चक्र, शंख, पद्म आला की माधव. म्हणजे एकाला आरशापुढं उभं केलं की दुसरा तयार. आणि तिच्यासमोर भुश्यात उभा होता तो केशव होता, साधासुधा, पहिल्या पाठातला केशव. तिचा दादा ज्या मूर्तीच्या जिवावर मोठा झाला, तो 'अपसव्य माधव' या जगात कुठंच नव्हता.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, मूर्तिशास्त्रातलं बडं प्रस्थ. त्याच्या पुस्तकाचं चौथं प्रकरण सगळं या एका मूर्तीवर. देवाचं जानवं डाव्या खांद्यावर असतं, तसं माणसांचंही असतं, उजव्यावर घेतात ते फक्त पितरांच्या कार्यात, त्याला अपसव्य म्हणतात. आणि फोटोतल्या या माधवाचं जानवं उजव्या खांद्यावर होतं. दुसरा कुणी असता तर त्याला निदान शंका आली असती. दादानं एकवीस पानं लिहिली. पितरांसाठी उभा असलेला देव, मेलेल्या राजपुत्राच्या बापानं करवून घेतलेली मूर्ती, एका स्वतंत्र कारागीर-घराण्याची परंपरा. त्यात त्यानं तो बाप असा उभा केला होता की वाचताना लोकांचे डोळे भरून यायचे. तिनंही ते प्रकरण वाचलं होतं, किमान चाळीस वेळा. प्रत्येक वेळी तिला ते सुंदर वाटायचं आणि प्रत्येक वेळी ती पानं मोजायची. एकवीस पानं, आणि खाली पाया म्हणून तिनं उलटी घातलेली एक फिल्म.

कारण फोटो तिनं काढला होता. मूर्ती तेव्हा एका धनाढ्य माणसाच्या बागेत, कारंज्यामागं उभी होती आणि त्यानं मोठ्या मिनतवारीनंतर एका दिवसाची परवानगी दिली होती. दादाची त्याच दिवशी नोकरीची मुलाखत आली. "तू जा," तो बुटाची नाडी बांधत तिला म्हणाला, "बटण तर दाबायचंय. त्याला काही डोकं लागत नाही." ती तेवीस वर्षांची होती. दिवसभर उन्हात उभं राहून, पांढरी चादर धरून ऊन मूर्तीच्या पोटावर कसं परतवायचं हे तिचं तिनं शोधून काढलं. दुपारी माळ्यानं पाणी दिलं. उन्हाच्या नादात मूर्तीचे हात मोजायचे राहूनच गेले. मूर्तीचा चेहरा तिला तेव्हा दादासारखा वाटला होता, झोपलेल्या दादासारखा. जागेपणी त्याचा चेहरा कधी तसा नसायचा. आठवड्याभरानं बागेचा मालक गेला, वारसांनी एकमेकांवर दावे लावले, फाटकाला कोर्टाचं सील लागलं, आणि मूर्ती पुढची तेहतीस वर्षं कुणालाही दिसली नाही. दादालाही नाही. त्यानं मूर्ती कधी पाहिलीच नाही, हे पुस्तकात कुठंही नाही. पहिल्या पानावर बारीक अक्षरांत आहे: छायाचित्रे: लेखक.

फोटो धुतले ते घरच्या बाथरूममध्ये. बादलीवर फळी, फळीवर तीन ट्रे, दारावरच्या काचेला काळा कागद, आणि लाल दिवा. एका बैठकीत चाळीस-चाळीस फोटो छापायचे. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. मंद बाजू खाली यायला हवी. लाल उजेडात, हातांना औषधाचा वास, बाहेरून वडील "अजून किती वेळ?" म्हणून दार वाजवतायत, अशा वेळी एकदा ती चुकली. एकदाच. ट्रेमध्ये पांढऱ्या कागदावर हळूहळू मुकुट उमटला, मग डोळे, मग हात. दादा तिच्या मागं उभा होता, तिच्या खांद्यावरून वाकून. त्यानं मनातल्या मनात हात मोजले आणि एकदम तिच्या कानाशी म्हणाला, "माधव! अगं, माधव आहे!" आणि तिच्या डोक्यावर टपली मारली, चांगली, मायेची. "ठोंबे, तू तर कमाल केलीस." ठोंबी हे त्यानंच ठेवलेलं नाव. जन्मभरात त्यानं ते नाव एकदाच लाडानं घेतलं, आणि ते त्या चुकीपायी.

चूक तिला महिन्यानं कळली, फिल्मचे तुकडे कापून पाकिटांत भरताना. एकशे बारा पाकिटं, पुस्तकातल्या सगळ्या मूर्तींची, सगळे फोटो तिनंच काढलेले. या मूर्तीचं पाकीट भरताना तिनं सहज फिल्म उजेडात धरली, मंद बाजू पलीकडं ठेवून फोटोशी ताडून पाहिली, तर जानवं डाव्या खांद्यावर. पुस्तक अजून छपाईला जायचं होतं. ती उठून बाहेरच्या खोलीत आली तर सगळे जेवायला बसले होते आणि वडील दादाला विचारत होते, "हिचंही नाव घालशील ना रे कुठंतरी? उन्हात उभी राहिली दिवसभर." दादा पानातून वर न बघता म्हणाला, "हिनं काय केलं? बटण दाबलं." आईनं त्याला आणखी भात वाढला. ती दारात पाकीट हातात धरून उभी होती, आणि तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. ती त्या क्षणी भांडली असती, रडली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तिला तसलं काही वाटलंच नाही. तिला फक्त थंड वाटलं. तिनं ते एक पाकीट आपल्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं. बाकीची एकशे अकरा दादाकडं गेली, आणि पुढं घर बदलताना वहिनीनं ती रद्दीबरोबर काढून टाकली. "नुसता कचरा साठवून ठेवलेला," असं वहिनी तिला कौतुकानं सांगत होती.

आता ते पाकीट कपाटात तेहतीस वर्षं होतं. ती या संग्रहालयात चिकटली, दगडी मूर्तींची नोंद, धूळ, लेबलं, हेच करत म्हातारी व्हायला आली, निवृत्तीला दोन वर्षं उरली. दादा परदेशी व्याख्यानं देऊन आला. त्याला शाल मिळाली की ती टाळ्या वाजवायची आणि मनात म्हणायची, पाकीट. कुणी त्याच्या पाया पडलं की, पाकीट. तिचं लग्न मोडलं तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याशी राहायचं म्हणजे माणसाला दगडच व्हावं लागेल," आणि सगळे हसले, तेव्हाही ती घरी येऊन साड्यांखाली हात घालून पाकीट चाचपून आली. तिला त्याचा द्वेष वाटायचा, आणि तो वाटतो याची लाज तिला वाटायची बंद होऊनही जमाना झाला होता. पण एक गोष्ट ती स्वतःशीसुद्धा नीट बोलत नसे. हे पाकीट उघडलं की दादा पडणार, पण त्याच्या आधी तिचं नाव निघणार. फिल्म उलटी घातली कुणी? त्यामुळं तिला वाट बघायची होती ती अशा एका दिवसाची, की जेव्हा काही सांगावंच लागणार नाही, दगड आपणहून समोर येऊन उभा राहील.

आणि तो आला होता. वारसांचं भांडण मिटलं, मूर्ती संग्रहालयाला मिळाली, चार दिवसांनी दालनात तिचं अनावरण, दादाच्या हस्ते, आणि त्याच दिवशी पुस्तकाची नवी आवृत्ती. संचालक तिच्या टेबलाशी आले. चाळिशीचा माणूस, बुटांत स्वतःचं तोंड बघून घेणारा. "मॅडम, लेबल सरांच्या पुस्तकाप्रमाणंच करा. अपसव्य माधव, बारावं शतक." "तुम्ही मूर्ती पाहिलीत का?" तिनं विचारलं. "अप्रतिम आहे," ते म्हणाले. पाहिली होती, दोनदा. मोबाइलवर फोटोही काढला होता. डोळ्यांसमोर खांदा होता आणि दिसत नव्हता, कारण सरांनी एकवीस पानं लिहिलेली होती. तिनं लेबल टाइप केलं. अपसव्य माधव. अक्षर न् अक्षर जपून केलं, कडा सरळ कापल्या. तिला कुणी जाब विचारला असता तर म्हणाली असती, वरून सांगितलं तसं केलं. संध्याकाळी दादाचा फोन आला, जो एरवी वर्षाकाठी दोनदा येई. "मूर्ती धड आहे ना? प्रवासात मोडतोड?"

"जशीच्या तशी आहे."

"चेहरा?"

"चेहरा फार छान आहे दादा."

त्याचा आवाज थोडा हलका झाला होता. "मला अगदी लहान पोरासारखं झालंय गं. शेवटी बघायला मिळणार." मग लगेच नेहमीचा. "गाडी दारापर्यंत येते का? गुडघे साफ गेलेत." "येते," ती म्हणाली. अजून वेळ होता. एका वाक्याचं काम होतं. तिनं "ठेवते" म्हटलं आणि फोन ठेवला, आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहून एकच कप पुन्हा पुन्हा घासत राहिली.

त्या चार दिवसांत तिला सारखी एक दुपार आठवत होती. ती अकरा वर्षांची, दादा तेवीसचा, कपाटाच्या आरशासमोर तो तिच्या मागं उभा. त्याचे दोन हात वर, तिचे दोन खाली, असा दोघांचा मिळून एक चार हातांचा देव. तिच्या उजव्या हातात कमळ म्हणून फ्लॉवरचा गड्डा, डाव्या हातात गदा म्हणून लाटणं. त्याच्या उजव्या हातात शंख म्हणून पेला, डाव्यात चक्र म्हणून ताटली. "सांग, मी कोण?" त्याची हनुवटी तिच्या डोक्यावर टेकलेली. ती आरशात बघून डावीकडून-उजवीकडून काहीतरी बरळली, आणि ताटली ठेवून त्यानं फूटपट्टी घेतली. "आरशात बघायचं नाही. समोरून बघतेस म्हणून तुझा उजवा तो मूर्तीचा उजवा होत नाही. मूर्तीचा उजवा. म्हण." "मूर्तीचा उजवा." बोटांच्या पेरांवर एक. "म्हण." "मूर्तीचा उजवा." पाच वेळा म्हणवून घेतलं आणि पाच वेळा मारलं. रडत रडत ती बरोबर मोजायला शिकली, आणि त्यानंतर आजवर कधी चुकली नाही. मारापेक्षा तिला ती हनुवटी जास्त आठवायची. कधी कधी तर मार आठवायचाच नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

गुरुवारी दुपारी चारला दालनात वीसेक माणसं होती, निम्मे विद्यार्थी. दादा काठी टेकत आला. वर्षभरात पार वाळला होता, कोटाचे खांदे त्याच्या खांद्यांच्या बाहेर चालले होते. तिच्याकडं बघून त्यानं मान हलवली, ओळखीच्या शिपायाला हलवावी तशी. ती भिंतीशी, दिव्याच्या बटणापाशी उभी होती. बटण दाबायचं काम तिचंच होतं. संचालकांनी चार शब्द बोलून पडद्याची दोरी सरांच्या हातात दिली. पडदा सरकला, तिनं बटण दाबलं, वरून उजेड पडला. "सर," संचालक म्हणाले, "तुमचा माधव."

दादा बघत राहिला. आधी चेहऱ्याकडं, आणि त्याचा स्वतःचा चेहरा इतका उघडा, इतका निवांत झाला की तिनं नजर काढून घेतली. पुन्हा पाहिलं तेव्हा त्याची नजर खांद्यावर आली होती. ती बघतच होती, तेहतीस वर्षं याच क्षणासाठी बघत होती. त्याच्या काठीवरच्या बोटांची नखं पांढरी झाली. दालनात कुणीतरी खोकलं. मग त्यानं काठी उचलली आणि तिच्या टोकानं मोजायला सुरुवात केली, शिकवताना मोजतात तसं, संथ. त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूनं. "गदा." काठी वर गेली. "चक्र." पलीकडं. "शंख." खाली. "पद्म." आणि काठी टेकवून तो म्हणाला, "माधव."

टाळ्या वाजल्या. म्हातारपणी चुकला, की सगळ्यांदेखत डोळ्यांत धूळ फेकली, हे तिला त्या वेळी कळलं नाही आणि पुढंही कधी कळणार नव्हतं. एवढंच कळलं की हा सुटतोय. टाळ्या वाजवणाऱ्यांत संचालक, विद्यार्थी, सगळे. उद्यापासून हा दगड माधव म्हणूनच उभा राहणार, खाली तिनंच टाइप केलेलं लेबल. तिच्या बोटांची पेरं खरोखर दुखायला लागली.

"मूर्तीचा उजवा, दादा."

आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, अकरा वर्षांच्या मुलीचा होता. टाळ्या थांबल्या. संचालक म्हणाले, "काय म्हणालात मॅडम?"

"सरांनी समोरून मोजलं. मोजायचं मूर्तीच्या उजव्या हातापासून. हा केशव आहे. आणि जानवं डाव्या खांद्यावर आहे, जिथं असायला हवं तिथंच. अपसव्य वगैरे काही नाही. दिसतंय सगळ्यांना."

दिसायला लागलं. पुढच्या एका विद्यार्थिनीनं पुस्तकातलं पान काढून मूर्तीशेजारी धरलं, मग पुस्तक, मग मूर्ती, असं दोनतीनदा पाहिलं आणि "अय्या, उलटं आहे," म्हणाली, आणि म्हटल्यावर तोंडावर हात ठेवला. दादा वळला. तिला वाटलं होतं तो ढासळेल. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फूटपट्टी हातात घेतल्यावर असायचा तो चेहरा.

"बरोबर आहे तिचं," तो शांतपणे म्हणाला. "छायाचित्र उलटं छापलं गेलंय. मूर्ती सीलबंद होती, मी छायाचित्रावर विसंबलो. ते छायाचित्र मी काढलेलं नाही. ही माझी धाकटी बहीण. काढलं हिनं, धुतलं हिनं, छापलंही हिनंच, घरच्या बाथरूममध्ये." मग आवाज उतरवून, "बहीण म्हणून विश्वास ठेवला."

वीस चेहरे तिच्याकडं वळले. जे वाक्य ऐकायला ती दारात पाकीट घेऊन उभी राहिली होती ते हे, शब्दन् शब्द हेच, वीस माणसांसमोर, आणि ते असं आलं होतं. विद्यार्थी तिच्याकडं बघत होते आणि दादाबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, हे स्वच्छ दिसत होतं. संचालक हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खरं आहे हे?"

"खरं आहे," ती म्हणाली. "हा फोटो माझा. आणि नुसता हाच नाही. पुस्तकातले एकशे बाराही फोटो माझे आहेत."

मघाच्याच विद्यार्थिनीनं पानं मागं उलटली, पहिल्या पानापर्यंत. तिला काही दुष्टावा करायचा नव्हता, ती फक्त वाचायला गेली आणि ते मोठ्यानं वाचलं गेलं. "छायाचित्रे: लेखक." आता तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. दादानं मागं हात करून खुर्ची चाचपली, कुणीतरी ती पुढं सरकवली, तो बसला. अनावरणासाठी घातलेला हार त्याच्या कोटावर वाकडा झाला होता. संचालक मोबाइल कानाला लावून बाहेर गेले, नवी आवृत्ती थांबवायला. विद्यार्थी भिंतीभिंतीनं पांगले. तिला वाटलं आता हसू येईल, आलं नाही. ती त्याच्याजवळ गेली, का ते तिला सांगता आलं नसतं. हार सरळ करावा, असं काहीतरी हातात आलं होतं.

त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते आणि बारीक, आणि आवाज इतका खाली की फक्त तिलाच ऐकू यावा.

"बाकीचे एकशे अकरा, ठोंबे," तो म्हणाला. "त्यातले उलटे किती?"

तेहतीस वर्षांत तिनं ते एकच पाकीट फोटोशी ताडून पाहिलं होतं. बाकीची कधी पाहावीशीच वाटली नव्हती, आणि आता ती कुठंच नव्हती.